इलेक्ट्रिक की प्लग-इन हायब्रिड: तुलना कोणत्या क्रमाने करायची

ही तुलना बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी माहितीपत्रकातली रेंज पाहिली जाते, मग किंमत, मग टेस्ट ड्राइव्ह. गाडी दारात आल्यावर कळतं की रात्री ती उभी राहते तिथे सॉकेटच नाही, किंवा ‘१०० किलोमीटरला दीड लिटर’ म्हणून घेतलेली गाडी सहा लिटर पिते आहे. आकडे खोटे नसतात. ते वेगळ्याच वापराचे असतात. म्हणून आधी स्वतःचा वापर मोजायचा, मग चार्जिंगची जागा तपासायची आणि गाडीकडे त्यानंतर वळायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम बदलला तर हिशेब चुकतो.

एक गल्लत आधीच दूर करायला हवी. विक्रेते ‘हायब्रिड’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गाड्यांना लावतात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. साध्या हायब्रिडची बॅटरी इंजिनातून आणि ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेतून भरते, तिला बाहेरून वीज देता येत नाही. प्लग-इन हायब्रिडला चार्जिंगचं सॉकेट असतं, बॅटरी साधारण ८ ते २० किलोवॉट-तासांची असते आणि ती संपली की गाडी साध्या हायब्रिडसारखी चालते. ‘स्वतःच चार्ज होणारी’ असं कुणी म्हणालं, तर ती प्लग-इन नाही.

## टप्पा १: चार आठवड्यांची वही

चार आठवडे रोज रात्री ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. सोबत तीन रकाने करा: त्या दिवशीचे एकूण किलोमीटर, त्यातला महामार्गाचा भाग, आणि रात्री गाडी कुठे उभी राहिली. एवढं पुरतं.

सरासरी काढू नका. या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महाग पडणारी चूक हीच. समजा वहीत २२ दिवस ३८ किलोमीटरचे, ४ दिवस ९० चे आणि २ दिवस ३२० चे निघाले. एकूण १,८३६ किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी ६५ च्या आसपास. पण ६५ किलोमीटरचा दिवस या वहीत एकही नाही! प्लग-इन हायब्रिडचा सगळा हिशेब दिवसागणिक फिरतो, कारण तिची बॅटरी रोज रात्री नव्याने भरते आणि आजची शिल्लक परवाच्या लांब प्रवासाला पुरवता येत नाही.

म्हणून दिवसांचे तीन गट पाडा: ५० किलोमीटरपर्यंतचे, ५० ते २०० चे आणि त्यापुढचे. चार आठवडे हा नमुना छोटा आहे. सुट्टीतले किंवा सणावारांचे लांब प्रवास त्यात आले नसतील, तर वर्षभराचे आठवून वेगळे लिहा.

तपासणी: वहीतल्या दिवसांची बेरीज आणि ओडोमीटरमधला एकूण फरक जुळला पाहिजे. जुळत नसेल तर एखादा दिवस सुटला आहे, आणि सुटतो तो बहुधा लांबचाच.

## टप्पा २: रात्रीची जागा आणि सॉकेट

दोन्ही गाड्यांचं भवितव्य इथे ठरतं. गाडी रोज रात्री जिथे उभी राहते तिथे वीज मिळते का, याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘लेखी परवानगी मिळाल्यावर’ यांपैकी एक असलं पाहिजे. ‘काहीतरी करता येईल’ हे उत्तर धरू नका. पार्किंग सामाईक असेल तर गाडी नोंदवण्याआधी लेखी परवानगी घ्या, आणि मीटर कोणाचा, वायर कुठून जाणार, हे ठरवून घ्या.

मग वेग मोजा. २३० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर १० अँपिअर प्रवाह घेतला तर २.३ किलोवॉट मिळतात. दहा तासांत २३ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) मीटरवर चढतात, त्यातली २० च्या आसपास बॅटरीत पोहोचतात आणि इलेक्ट्रिक गाडीला साधारण ११५ किलोमीटर देतात. वहीतले २२ दिवस ३८ किलोमीटरचे असतील तर एवढं रोजच्यासाठी भरपूर आहे. भिंतीवरचा ७ किलोवॉटचा चार्जर असल्याशिवाय इलेक्ट्रिक गाडी घेता येत नाही, हा समज म्हणूनच सरसकट खरा नाही. तो चार्जर लागतो तो लागोपाठच्या लांब दिवसांसाठी. घरगुती वीज १२० व्होल्टची असेल तिथे मात्र १२ अँपिअरवर जेमतेम १.४ किलोवॉट मिळतात आणि हे चित्र बदलतं.

प्लग-इन हायब्रिडची १० किलोवॉट-तासांची वापरता येण्याजोगी बॅटरी त्याच साध्या सॉकेटवर पाचेक तासांत भरते. तिच्यासाठी मोठा चार्जर बसवणं बहुतेकदा वाया जातं. एसी चार्जिंगचा, म्हणजे घरच्या विजेवर भरण्याचा, वेग गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ठरवतो, आणि अनेक प्लग-इन हायब्रिडमध्ये तो ३.३ ते ३.७ किलोवॉटचाच असतो. भिंतीवर ११ किलोवॉटचा लावला तरी गाडी ३.७ च घेणार.

सावधान: घरगुती सॉकेट थोडा वेळ मोठा भार घेण्यासाठी बनलेलं असतं. चार्जिंगमध्ये तो भार सलग आठ-दहा तास राहतो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगच्या पाठीला हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल. हात ठेवता येणार नाही इतका गरम असेल, प्लास्टिक पिवळट पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. सहसा दोष सॉकेटच्या आतल्या सैल झालेल्या पितळी पट्ट्यांचा किंवा न आवळलेल्या स्क्रूचा असतो. तिथे संपर्क अपुरा पडतो आणि उष्णता साठत जाते. गाडीसाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आणि वायरमनने मोजून दिलेलं अर्थिंग हवं. एक्सटेन्शन बोर्ड कधीच नको, गुंडाळीतली वायर तर अजिबात नको. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही.

रात्रीच्या जागी वीज नाहीच, आणि कामाच्या ठिकाणीही रोज खात्रीने मिळणार नाही, असं असेल तर प्लग-इन हायब्रिड यादीतून काढून टाका. इलेक्ट्रिक गाडीला निदान आठवड्यातून एकदा सार्वजनिक चार्जरवर नेऊन भरता येतं. प्लग-इन हायब्रिडची छोटी बॅटरी रोज भरावी लागते आणि बहुतेक मॉडेलांना डीसी फास्ट चार्जिंगची, म्हणजे सार्वजनिक चार्जरवर झटपट भरण्याची, सोयही नसते. चार्ज न करता ती चालवणं म्हणजे जड बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल गाडी चालवणं. अशा वेळी साधी हायब्रिड जास्त प्रामाणिक निवड आहे.

## टप्पा ३: माहितीपत्रकाचे आकडे जमिनीवर आणा

रेंज कोणत्या चाचणीची आहे हे आधी विचारा. डब्ल्यूएलटीपी, ईपीए आणि जुनी एनईडीसी या तिन्ही पद्धती एकाच गाडीला वेगळे आकडे देतात. एनईडीसीचा सर्वांत आशावादी, ईपीएचा बहुधा सर्वांत सावध. एका गाडीचा डब्ल्यूएलटीपी आकडा आणि दुसरीचा ईपीए आकडा शेजारी ठेवून केलेली तुलना फेकून द्यावी.

रेंजपेक्षा दोन गोष्टी मागा: बॅटरीची वापरता येण्याजोगी क्षमता आणि १०० किलोमीटरला लागणारे किलोवॉट-तास. एकूण क्षमतेतला काही भाग बॅटरीच्या रक्षणासाठी राखून ठेवलेला असतो. प्लग-इन हायब्रिडमध्ये हा राखीव भाग तुलनेने मोठा असतो. वापरता येण्याजोगी क्षमता भागिले खप, गुणिले १००, ही तुमची रेंज.

खपाचा आकडा परिस्थितीप्रमाणे बदलून घ्या. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० च्या वेगापेक्षा १२० ला इलेक्ट्रिक गाडीचा खप खूपच चढतो, आणि गावातली मंद गती मात्र तिला मानवते. पेट्रोल गाडीच्या सवयीच्या हे नेमकं उलट आहे. कडाक्याच्या थंडीत २० ते ३० टक्के घट धरून चाला. उष्णता पंप (कमी विजेत केबिन तापवणारी यंत्रणा) नसेल तर केबिन तापवणारा हीटर सुरुवातीला एकटाच काही किलोवॉट खेचतो.

प्लग-इन हायब्रिडच्या इंधनखपाचा आकडा वेगळ्याच कारणाने फसवतो. ‘१०० किलोमीटरला १.५ लिटर’ हा आकडा काढताना गाडी किती वाटा विजेवर चालेल याचा एक अंदाज धरलेला असतो. म्हणजे कुणीतरी तुमच्या वतीने तुमची वही आधीच भरून टाकली आहे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या नोंदी तपासल्या. प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं.

म्हणून तो मिश्र आकडा बाजूला ठेवा आणि विक्रेत्याकडे दोन आकडे मागा: बॅटरी भरलेली असताना १०० किलोमीटरला किती किलोवॉट-तास, आणि बॅटरी संपल्यावर १०० किलोमीटरला किती लिटर. दुसरा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो, किंवा नसतोच. तो मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: वही आणि आकडे एकत्र

टप्पा १ ची वही घ्या. प्लग-इन हायब्रिडची खरी विजेवरची रेंज ५० किलोमीटर, विजेवरचा खप १०० किलोमीटरला २० किलोवॉट-तास आणि बॅटरी संपल्यावरचा खप ६.५ लिटर धरू. इलेक्ट्रिक गाडीचा खप १७ किलोवॉट-तास धरू. चार्जिंगमध्ये सुमारे १२ टक्के वीज वाटेत जाते, ती मीटरवर येते पण बॅटरीत नाही. म्हणून मीटरवर १०० किलोमीटरला अनुक्रमे २२.७ आणि १९.३ युनिट पडतात.

प्लग-इन हायब्रिडचा दिवसागणिक हिशेब असा:

- ३८ किलोमीटरचे २२ दिवस पूर्ण विजेवर: ८३६ किलोमीटर
- ९० चे ४ दिवस, रोज ५० विजेवर: २०० किलोमीटर
- ३२० चे २ दिवस, रोज ५० विजेवर: १०० किलोमीटर

विजेवर एकूण १,१३६, इंजिनावर ७००. विजेचा वाटा ६२ टक्के. सरासरी ६५ धरली असती तर तोच वाटा ७६ टक्के दिसला असता. महिन्याला लागले सुमारे २५८ युनिट आणि ४५.५ लिटर पेट्रोल. इलेक्ट्रिक गाडीला तेवढ्याच १,८३६ किलोमीटरना सुमारे ३५४ युनिट लागतील. या आकड्यांना तुमचे चालू दर लावा.

आता विसराळूपणाचा हिशेब करा, आणि तो प्रामाणिकपणे करा. छोट्या २२ दिवसांपैकी सहा रात्री केबल लावायची राहून गेली तर दुसऱ्या दिवशी बॅटरीत १२ किलोमीटरच उरतात आणि विजेचा वाटा ६२ वरून ५३ टक्क्यांवर येतो. इलेक्ट्रिक गाडीत एक रात्र चुकली तर बहुधा काहीच बिघडत नाही. प्लग-इन हायब्रिडमध्ये चुकलेली प्रत्येक रात्र पेट्रोलमध्ये मोजावी लागते. घरात गाडी दोघं-तिघं चालवत असतील आणि केबल लावणं नेमकं कोणाचं काम हे ठरलं नसेल, तर हा आकडा आणखी खाली जातो.

तपासणी: एका युनिटचा दर एका लिटरच्या दराच्या किती टक्के आहे? वरच्या उदाहरणात ६.५ भागिले २२.७ म्हणजे सुमारे २९ टक्के ही सीमारेषा. युनिट त्यापेक्षा स्वस्त असेल तर प्लग-इन हायब्रिड चार्ज करणं फायद्याचं. घरच्या विजेवर हे बहुधा साधतं. सार्वजनिक चार्जरचा दर जास्त असेल तर कधी कधी नाही. तुमच्या गाडीचे दोन आकडे घालून स्वतःची सीमारेषा काढा आणि लक्षात ठेवा.

## टप्पा ५: लांबचे दिवस

‘मध्येच बॅटरी संपली तर?’ या भीतीपोटी पुष्कळ जण प्लग-इन हायब्रिड घेतात. भीतीला आकडा लावा. ५५ किलोवॉट-तासांची इलेक्ट्रिक गाडी महामार्गावर २० च्या खपाने ३२० किलोमीटर जाणार असेल तर ६४ लागतील, आणि पोहोचताना १० टक्के, म्हणजे ५.५, शिल्लक हवेत. एकूण ६९.५. निघताना ५५ आहेत, कमी पडतात १४.५. सरासरी ५० किलोवॉट देणाऱ्या डीसी चार्जरवर हे १८ मिनिटांचं काम आहे. रस्ता सोडून चार्जरपर्यंत जाण्यायेण्याचा आणि केबल लावण्याचा वेळ त्यात मिळवा.

दोन पथ्यं पाळा. पहिलं, डीसी चार्जिंग ८० टक्क्यांनंतर बरंच मंदावतं, म्हणून वाटेतला टप्पा १० ते ८० टक्के, म्हणजे बॅटरीच्या ७० टक्क्यांवरच आखा. दुसरं, ज्या चार्जरवर विसंबणार आहात त्याच्या जवळपास दुसरा पर्यायी चार्जर असलाच पाहिजे. एकच चार्जर, त्यातही एकच गन (गाडीला जोडायचं टोक), आणि पुढचा ९० किलोमीटरवर, अशी वाट वर्षातून अनेकदा करावी लागत असेल तर प्लग-इन हायब्रिडच्या बाजूचं ते खरं आणि वजनदार कारण आहे. वर्षातून दोनदाच करावी लागत असेल तर तेवढ्यासाठी उरलेले ३६३ दिवस इंजिन वाहू नका.

प्लग-इन हायब्रिडच्या लांब दिवसाचीही शिस्त असते. निघाल्यापासून विजेवर पळवून बॅटरी रिकामी करायची आणि मग इंजिनावर जायचं, ही सवय मोडा. ‘होल्ड’ किंवा ‘सेव्ह’ मोडमध्ये महामार्ग इंजिनावर काढा आणि वीज शहरातल्या मंद रस्त्यांसाठी राखा. मोठ्या चढाआधी २०–३० टक्के बॅटरी शिल्लक हवी, नाहीतर भरलेली गाडी छोट्या इंजिनावर चढवताना जोर कमी पडतो. ‘चार्ज’ मोड, म्हणजे चालत्या इंजिनाने बॅटरी भरणं, टाळाच. पेट्रोलची वीज आणि विजेची पुन्हा गती करताना दोन्हीकडे नुकसान होतं.

## टप्पा ६: देखभाल आणि बॅटरीची झीज

इलेक्ट्रिक गाडीला ऑइल, स्पार्क प्लग, सायलेन्सर नाहीत. टायर, केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी एवढंच उरतं. या छोट्या बॅटरीकडे दुर्लक्ष होतं आणि तीच बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. ती प्लग-इन हायब्रिडमध्येही असते.

प्लग-इन हायब्रिडमध्ये दोन्ही यंत्रणांची देखभाल येते. इंजिन वर्षात हजार किलोमीटरच चाललं तरी ऑइल मुदतीप्रमाणे बदलावं लागतं. थोडा वेळच चालणारं इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोल मिसळतं. टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं तर जुनं होतं, म्हणून काही गाड्या ते जाळण्यासाठी अधूनमधून स्वतःहून इंजिन सुरू करतात. तो बिघाड नाही. तुम्ही बहुतांश विजेवर चालवत असाल तर टाकी अर्धीच भरत जा.

झिजेची तुलना करताना किलोमीटरऐवजी फेरे मोजा. वरच्या वहीत प्लग-इन हायब्रिडची बॅटरी महिन्याला साधारण २३ वेळा पूर्ण भरून रिकामी होते, वर्षाला २७० च्या घरात. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीचे तेवढ्याच प्रवासात वर्षाला जेमतेम ७० फेरे होतात. मोठा राखीव भाग ठेवून प्लग-इन हायब्रिडचे उत्पादक याची काही अंशी भरपाई करतात. तरीही वॉरंटीच्या कागदात तीन गोष्टी वाचून घ्या: वर्षं, किलोमीटर आणि कोणत्या टक्क्याखाली क्षमता गेली तर बॅटरी बदलून मिळेल. इलेक्ट्रिक गाड्यांना आठ वर्षं, १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के ही अट सर्रास दिसते. प्लग-इन हायब्रिडलाही तीच लागू आहे असं गृहीत धरू नका.

## टप्पा ७: टेस्ट ड्राइव्ह, पण दोनदा

विक्रेता प्लग-इन हायब्रिड नेहमी भरलेल्या बॅटरीने देतो. तिचं गोड रूप तेवढंच दिसतं. दुसरी फेरी बॅटरी संपवून मागा. त्या फेरीत हे पाहा:

- चढावर आणि ओव्हरटेक करताना जोर पुरतो का
- इंजिन चालू होताना झटका किंवा मोठा आवाज येतो का
- एसी किंवा हीटर लावल्यावर विजेच्या मोडमध्येही इंजिन सुरू होतं का (भरलेल्या बॅटरीवरही तपासा, थंड हवेत हे अनेक गाड्यांत होतं)
- पॅडल पूर्ण दाबल्यावर विजेचा मोड टिकतो का

थंड इंजिन एकदम मोठ्या भाराखाली सुरू होणं इंजिनाला चांगलं नाही. अशी गाडी घेतलीत तर महामार्गाला लागण्याच्या काही मिनिटं आधीच हायब्रिड मोड लावून इंजिन तापू द्यायची सवय करा.

इलेक्ट्रिक गाडीची फेरी महामार्गावर घ्या, गल्लीबोळात नको. ट्रिप मीटर शून्यावर आणून तुमच्या नेहमीच्या वेगाने किमान ३० किलोमीटर चालवा आणि पडद्यावरचा खप वहीत लिहा. टप्पा ३ चा अंदाज यावरून दुरुस्त करा. दोन्ही गाड्यांची डिकी उघडून तुमच्या रोजच्या सामानानिशी पाहा. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे डिकीची किंवा टाकीची जागा कमी झालेली असू शकते.

## टप्पा ८: जुनी गाडी असेल तर

बॅटरीच्या तब्येतीचा टक्का सेवा केंद्रातून किंवा ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी, वाचणाऱ्या उपकरणातून लेखी घ्या. पडद्यावर दिसणारी रेंज पुरावा म्हणून चालत नाही, ती मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढलेली असते. डीसी चार्जरवर दहा मिनिटं लावून गाडी खरंच वेग घेते का ते पाहा. बॅटरी थंड किंवा जवळपास भरलेली असेल तर वेग कमी दिसेल, म्हणून २०–४० टक्क्यांवर आणि थोडी चालवून झाल्यावर लावा. ब्रेकच्या डिस्कवर खोल गंज चढला आहे का हेही बघा. मोटरच गाडी थांबवत असल्याने ब्रेक कमी वापरले जातात आणि गंजतात.

प्लग-इन हायब्रिड असेल तर चार्जिंग केबल मागा. केबलच्या टोकाला वापराचे चरे नसतील, कधीकधी तर ती अजून मूळ पिशवीतच असते, तर ती गाडी बहुधा पेट्रोलवरच चालली आहे. अशा गाडीचं ओडोमीटर म्हणजे थेट इंजिनाचे किलोमीटर धरा आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या त्या हिशेबाने तपासा.